विजापूरहून आणलेला आवाज

आमच्या घरात कुणी कुणाला मागून हात लावत नसे. हा नियम मुळात घरातला नव्हता, कारखान्यातला होता. बाबांनी तो रोजच्या डब्याबरोबर घरी आणला होता. भोसरीला एका फोर्जिंगच्या कारखान्यात ते हॅमर शॉपला होते. लालबुंद तापलेला लोखंडाचा तुकडा सांडशीत धरून उभं राहायचं, वरून यंत्राचा घण पडणार, तुकडा फिरवायचा, पुन्हा घण. अशा माणसाला मागून कुणी खांद्यावर हात ठेवला आणि तो दचकला, तर त्याचा हात जातो, नाहीतर ठेवणाऱ्याचा. म्हणून नव्या पोराला पहिल्या दिवशी तेवढंच शिकवत: समोर जा, दिसू दे, मग काय ते बोल. बाबा घरी आले तरी त्यांचं अंग शॉपमधलंच असायचं. मी लहानपणी इतर मुलींसारखी वडिलांच्या पाठीवर कधी लोंबकळले नाही, आणि त्यात काही कमी आहे असंही तेव्हा वाटलं नाही. प्रत्येक घराचे काही नियम असतात. काहींकडे कांदा चालत नाही, आमच्याकडे पाठ चालत नव्हती.

घणानं बाबांचे कान नेले होते. एकदम नाही, वर्षावर्षानं. कानात कापसाचे बोळे घालत, पण तो घण कापसाला कुठला जुमानतोय. बारीक आवाज आधी गेले. कुकरची शिट्टी गेली, दारावरची बेल गेली, आणि त्याच हप्त्यात कधीतरी माझा आवाजही गेला, कारण मी किनऱ्या आवाजाची होते. जाड, खालच्या पट्टीतले आवाज मात्र थोडेफार पोचत. हे कुणा डॉक्टरनं सांगितलं नव्हतं, आईनं स्वतः शोधून काढलं होतं. बाहेरचे लोक बहिऱ्या माणसाशी बोलताना आवाज चढवतात आणि चढवता चढवता तो बारीक करून टाकतात, मग म्हणतात, किती ओरडलं तरी ऐकू येत नाही. आई उलट करायची. आवाज खाली न्यायची, पोटातून काढायची, आणि शब्दांमध्ये जागा ठेवायची. 'अहो. ताट. वाढलंय.' हॅमर शॉपमधल्या सगळ्या माणसांच्या बायका हळूहळू तशाच झाल्या होत्या. संक्रांतीला त्या आमच्याकडे हळदीकुंकवाला जमल्या की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत पुरुषांची मीटिंग चाललीय. वाणाची वाटी पुढे करत त्या एकमेकींनाही त्याच आवाजात म्हणत, 'घ्या हो, तिळगूळ घ्या.' मला त्या वयात त्याची लाज वाटायची. मैत्रिणींचे फोन आईनं उचलले की पलीकडून 'काका, शैला आहे का?' असं विचारत.

आमचं घर कासारवाडीत, रेल्वे लाइनला पाठ लावून. दोन खोल्या. गाडी गेली की मांडणीवरची भांडी किणकिणत, आणि बाबांच्या लोखंडी खाटेखाली हलका धक्का बसे. गाडीचा आवाज त्यांना येत नसे, पण गाडी गेली एवढं कळे. मग ते मान न वळवता विचारत, 'कुठली गेली?' आई स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून बघायची आणि त्या जाड आवाजात सांगायची, 'लोणावळ्याची.' नाहीतर, 'पुण्याची.' बाबा म्हणत, 'बरं.' दिवसातून किती वेळा हे चाले याला गणती नव्हती. ओट्यावर पिठलं खदखदतंय, आईच्या हातात भाकरी, तरी ती मान तिरकी करून खिडकीतून बघून सांगणार. मी एकदा तिला म्हटलं, 'त्यांना कुठं जायचंय का? कुठली का जाईना.' ती म्हणाली, 'तुला काय करायचंय. तू तुझा अभ्यास कर.' त्या घरात याहून जास्त संभाषण मी नवराबायकोत ऐकलेलं नाही, आणि आज मला वाटतं, पुष्कळ घरांत याहून कमी असतं.

आई कावीळ अंगावर काढत गेली. तिच्याबद्दल त्याहून जास्त इथं लिहिणार नाही. हे प्रकरण ती गेल्यानंतरचं आहे.

ती गेल्यावर बाबांनी कंपनीची स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि खाटेवर बसले ते भिंतीकडे तोंड करून. भिंतीवर कॅलेंडर होतं, पण ते त्याकडेही बघत नसत. चेहरा समोर असला तर ते ओठांवरून बरंच समजून घेत, पण आता चेहरे त्यांना नकोच होते. खाट भिंतीला चिकटलेली, खोलीकडे पाठ. आणि पाठीला हात लावायचा नाही. म्हणजे उरली फक्त हाक, आणि त्यांना पोचणारी हाक ज्या एका माणसाकडे होती ते माणूस गेलं होतं. घर सांभाळायला मावळातून बाबांची थोरली बहीण आली. आत्याचा आवाज शेतावरचा, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाणारा, पण टोकदार. 'दत्तूऽ, ए दत्तूऽ, जेवून घे रं,' असं ती ओरडायची तेव्हा शेजारचे जेवायला उठत, बाबा नाही. ती ताटावर पळी आपटायची. जमिनीवर पाय आपटायची. शेवटी एक दिवस वैतागून तिनं मागून त्यांचा खांदा धरला. बाबांचा हात असा काही फिरला की तिच्या मनगटातला काकणांचा चुडा फुटला आणि कोपरापर्यंत रक्त आलं. बाबांनी तिच्या हाताकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं, उठून हळद आणून दिली आणि परत भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ताट त्यांच्या शेजारी ठेवून यायचं आणि वाट बघायची. कधी लक्ष गेलं तर जेवत. बहुतेक वेळा गार झालेलं ताट आत्या परत आणायची. त्यांच्या सदऱ्याच्या गळ्यातून मानेची हाडं दिसायला लागली होती. गाड्या जातच होत्या. आता ते 'कुठली गेली' विचारत नव्हते.

माझ्या डिप्लोमाची शेवटची परीक्षा जवळ आली तेव्हा आत्यानं निकाल जाहीर केला. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, 'शैले, तुझी परीक्षा झाली की मी दत्तूला गावाला न्येते. ह्या खोल्या सोडून द्यायच्या. तू हॉस्टेलचं बघ.'

मी म्हटलं, 'बाबांना विचारलंस?'

'इचारलं की. पाठीला इचारलं. पाठ न्हाई म्हनली न्हाई.' मग ताट खाली ठेवून म्हणाली, 'आगं, हितं ऱ्हायला तर त्यो भित्ताड हुईल पोरी. तितं निदान ढोरं हायेत, ढोरं हुंगत्यात मानसाला. हितं कोन हाय?'

मी तिथंच बसले होते. मी ताट जवळ ओढून उरलेले तांदूळ निवडायला घेतले. ती खोटं बोलत नव्हती.

परीक्षेनंतरच्या त्या दिवसांत माझी मैत्रीण सुनंदानं मला पाठीवर सॅक लावून बाहेर काढलं. सुनंदा काळेवाडीची, माझ्याच वर्गातली. वडील कंपनीत, घरात तीन बहिणी, आणि हिला कशाचीही भीती नाही. आईच्या आजारपणात ती रोज संध्याकाळी आमच्याकडे यायची आणि आईच्या उशाशी बसून कॉलेजातल्या मास्तरांच्या नकला करायची. तिनं कुठून तरी दोन जुन्या सॅक मिळवल्या, माझ्या सॅकमध्ये स्वतः शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा कोंबला आणि आत्याला सांगितलं, 'आत्या, हिला नेते आणि परत आणून देते. तोवर बांधाबांध करू नका.' आत्या म्हणाली, 'आनून दे म्हंजी झालं. पन बांधाबांध मी करनारच.' हंपी, मग बदामी, मिळेल त्या एसटीनं, धर्मशाळांत झोपत आम्ही फिरलो. त्या दगडी देवळांविषयी इथं लिहीत नाही, कारण मी ती धड पाहिलीच नाहीत. मी खांब बघत होते आणि डोळ्यांपुढे आत्याची ट्रंक भरत होती. शेवटचा मुक्काम विजापूर. तिथून सोलापूर, सोलापूरहून घर. म्हणजे विजापूर संपलं की घर संपलं, असा माझा हिशेब होता.

विजापुरात पहिल्या दिवशी ऊन कलल्यावर टांगा केला. टांगेवाले चाचा पिकल्या दाढीचे, आणि त्यांचं बोलणं घोड्यापेक्षा जोरात. गावच्या तटावर एका बुरुजावर एक प्रचंड तोफ आहे, तिथं ते आम्हाला घेऊन गेले. तोफेचं तोंड कुणा जनावराच्या जबड्यासारखं. कडक उन्हातही तिला हात लावला तर गार लागतो. सुनंदानं तिला गाल लावून बघितला. जवळच दगडी हौद होता, कोरडा, तळाशी पाला साचलेला. चाचांनी चाबकाची दांडी त्याच्याकडे केली. 'ये पानी का टाकी था. तोपवाला बत्ती लगाया, के फौरन इसमें डुबकी मारा. मुंडी पानी के अंदर. नै तो कान के परदे गए ना उसके.'

सुनंदा म्हणाली, 'चाचा, एवढी लढाई चालू असताना त्याला कानांची काळजी?'

'मंग?' चाचा म्हणाले. 'लढाई तो खतम होती, बेटी. शाम को घर कू जाना नै क्या उसे? बीवी पुकारी तो सुनना नै क्या?'

सुनंदा हसली. मग माझ्याकडे बघून तिनं हसू आवरलं. मी हौदाच्या काठावर बसले. म्हणजे हे लोकांना तेव्हाही ठाऊक होतं. बादशहाच्या तोफवाल्यासाठी कुणीतरी एवढा दगड खोदून हौद बांधला, पाणी भरलं. माझ्या बापाच्या कानात कापूस. आज चाकणला माझ्या हाताखाली प्रेस शॉप आहे, आणि कानात बोळे न घालता आत येणाऱ्या पोराला मी गेटवरून परत पाठवते. पोरं म्हणतात, मॅडम, ऐकायला त्रास होतो त्यानं. मी म्हणते, तुझी बायको मला शिव्या देईल त्यापेक्षा तू दे. त्यांना वाटतं हे मी सेफ्टीच्या कोर्समध्ये शिकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडताच, आम्ही गोल घुमटात शिरलो. त्याच्या कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून अरुंद दगडी जिना वर जातो. पायऱ्या इतक्या उंच की सॅक पाठीवर घेऊन चढताना गुडघे छातीला लागत होते. वर गेलं की घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे. खाली फरशीवर कबरी दिसतात, खेळण्यातल्यासारख्या. आमच्या आधी एक शाळेची सहल येऊन पोचली होती आणि मुलं किंचाळत होती. त्यांना तिथं किंचाळायलाच आणलं होतं म्हणा. एक आरोळी गेली की घुमट तिचे तुकडे करून परत फेकत होता, सगळं मिळून नुसता कालवा, शब्द एकही नाही. मास्तरांनी मुलांना हाकत खाली नेलं आणि मग जी शांतता झाली ती आपल्या कानांवर दाबून बसणारी होती.

सुनंदा सज्ज्यावरून चालत बरोबर समोरच्या बाजूला गेली, भिंतीला तोंड लावून बसली, आणि माझ्या कानाशी, अगदी कानाशी, म्हणाली, 'शैले, लाडवाचा डबा तुझ्याकडे आहे. एकटीनं खाल्लास तर मला इथून चावल्याचं ऐकू येईल.' मी दचकले. ती पलीकडे बाहुलीएवढी दिसत होती. तिनं आवाज चढवला नव्हता, उलट खाली नेला होता, पुटपुटल्यासारखा, आणि शब्दन् शब्द अखंड पोचला होता. किंचाळलेलं फुटत होतं, खालचं पोचत होतं.

मी भिंतीकडे वळले. आपण काय करतोय हे मी ठरवलं नव्हतं. दगडाकडे तोंड, सगळ्या जगाकडे पाठ, बाबा बसत तशी मी बसले आणि पोटातून, जितक्या खालून काढता येईल तितक्या खालून, शब्दांमध्ये जागा ठेवत म्हटलं, 'अहो. ताट. वाढलंय.'

पहिल्यांदा आलं ते माझंच होतं, थोडं घोगरं. दुसऱ्यांदा आलं ते जाड झालं होतं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी डोळे मिटले, कारण आई बोलत होती. डावीकडून बोलली, मग उजवीकडून, मग वरून, घाईत असल्यासारखी, पदराला हात पुसत असल्यासारखी, ताट वाढलंय, ताट वाढलंय, आणि लांब लांब जात शेवटी नुसतं 'अहो'च उरलं. मग तेही दगडात गेलं. मी हललेच नाही. मला वाटत होतं, आता मी हलले तर ती विचारेल, तू इथं काय करतेयस.

सुनंदा सज्ज्यावरून पळत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला कशाची भीती वाटते हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. 'काकू होत्या,' ती म्हणाली.

'मी होते.'

'नाही. आधी तू होतीस.' मग माझ्या शेजारी बसून, खालच्या कबरींकडे बघत ती म्हणाली, 'परत नको करूस. इथं तरी नको.'

सोलापूरच्या बसमध्ये मी खिडकीशी तोंड नेऊन तो आवाज पुन्हा पुन्हा काढून बघितला. इंजिनाच्या घरघरीत कुणाला कळत नव्हतं. तो तिथंच होता, गळ्याच्या खाली, जणू कुणीतरी ठेवून दिलेला. सुनंदाला कळत होतं. ती लाडू एकामागून एक खात राहिली.

मी घरी पोचले तेव्हा ट्रंक भरून दाराशी ठेवली होती. आत्या म्हणाली, 'आलीस? उद्याच्या गाडीनं निगतो आमी. सकाळपासनं बसलाय बग तसाच. च्या दोनदा गरम केला.' बाबा खाटेवर होते, भिंतीकडे तोंड, शेजारी स्टुलावर साय धरलेला कप. मी सॅक उतरवली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, जिथं आई उभी राहायची तिथं उभी राहिले आणि म्हटलं, 'अहो. चहा. निवतोय.'

मुलीनं बापाला 'अहो' म्हणू नये हे मला कळत होतं. पण तो शब्द वगळला तर तो आवाज निघत नव्हता.

बाबांची पाठ ताठ झाली. ते वळले नाहीत. त्यांनी हात पुढे केला, चाचपडत कप उचलला, आणि भिंतीला म्हणाले, 'घेतो.'

आत्यानं डोक्यावर पदर घेतला आणि खाली बसली. तेवढ्यात मांडणीवरची भांडी किणकिणली, गाडी जायला लागली. बाबांनी चहाचा घोट घेतला आणि मान न वळवता विचारलं, 'कुठली गेली?' कित्येक महिन्यांत ते वाक्य त्या घरात उच्चारलं गेलं नव्हतं. मला खिडकीकडे जायचं सुचलंच नाही. मी तोंडाला आलं ते सांगितलं, 'पुण्याची.'

'बरं,' बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आत्या गेली नाही. तिनं ट्रंक उघडली आणि लुगडी परत दोरीवर टाकली. पण ती खूष होती असं नाही. बाबा आता हाकेला जेवत होते, आंघोळीला उठत होते, गाड्या विचारत होते, मात्र हे सगळं खोलीकडे पाठ ठेवून. जेवतानासुद्धा ताट भिंतीकडे. मी हाक मारायची, ते उत्तर द्यायचे, आणि त्या उत्तरांत एक सूर होता जो मी घरात वाढूनही कधी माझ्यासाठी ऐकला नव्हता. 'आलो गं.' 'राहू दे, मी घेतो.' 'तू जेवलीस?' मी उंबऱ्यावरून हो म्हणायची. भाजीत मीठ घालताना माझा हात आईसारखा उलटा व्हायला लागला. एकदा कॉलेजात कारकुनाला नाव सांगितलं तर त्यानं मान वर करून पाहिलं, कारण आवाज आणि माणूस यांचा मेळ लागेना. सुनंदा यायची, पण स्वयंपाकघराकडे पाठ करून बसायची नाही. 'तू समोर येऊन बोल,' म्हणायची. आत्यानं एकदा ओट्यापाशी मला जवळ ओढलं आणि कुजबुजली, 'शैले, गेलेल्या मानसाच्या आवाजात रोज बोलू न्हाई. तिला जायचं आसतं. हाक आली की ती मागं बगतीया.'

मी म्हटलं, 'मग बाबांना गावाला नेशील?'

आत्यानं माझा हात सोडला. नेलं तर घर मोडत होतं, ठेवलं तर हे चाललं होतं. तिच्यापाशी तिसरं काही नव्हतं आणि माझ्यापाशीही.

तिसरं काय ते एका संध्याकाळी बाबांनीच काढलं. आत्या बाहेर दळणाला गेली होती. मी ओट्यापाशी भाकरी थापत होते. पाठीमागून, म्हणजे त्यांच्या भिंतीकडून, त्यांचा आवाज आला, सावकाश, बहिरी माणसं बोलतात तसा, मापाबाहेर मोठा.

'शैलाचं काय ठरलंय?'

माझे हात परातीतच राहिले. कुणाला विचारताहेत हे विचारायची गरज नव्हती. मी त्या आवाजात म्हटलं, 'काही नाही ठरलं.'

'तिला पुढं शिकू दे. नोकरी करायची तर करू दे. माझ्यासाठी अडकून नको राहायला.' मग म्हणाले, 'तिलाच सांगितलं असतं. पण ती बोलत नाही माझ्याशी. आई गेल्यापासून एक शब्द नाही बोलली. रागावली असेल.'

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला आणि मी ती उतरवली नाही. मी किती हाका मारल्या होत्या, परीक्षेच्या आधी, नंतर, माझ्या त्या किनऱ्या आवाजात, त्यांच्या पाठीला. त्यांच्या लेखी मी वर्षभर मुकी होते. आणि आता बोलत होती ती आई. मी अशीच उंबऱ्यावर उभी राहिले असते तर ते मला आणखी पुष्कळ सांगत राहिले असते, माझ्याबद्दल, आणि मी त्यांना कधीच भेटले नसते.

मी हात पुसले. मला वाटत होतं, आता जो शब्द मी काढणार आहे त्यानं आई जाणार. ती गेलीच होती, पण ही जी दुसऱ्यांदा आली होती, तीही जाणार. आणि बाबा परत भिंतीत जाणार. तसं झालं तर ट्रंक आहेच. मी उंबरा ओलांडून खोलीत आले, त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबले, मागून हात लावला नाही, आणि तोच आवाज, तितक्याच खालून, काढून म्हटलं, 'बाबा.'

ते वळले. मला वाटलं होतं ते दचकतील, माझ्यामागं कुणीतरी शोधतील. त्यांनी माझ्यामागं पाहिलं नाही. सरळ माझ्याकडे पाहिलं.

'मी रागावलेली नाही, बाबा,' मी म्हटलं.

'बरं,' ते म्हणाले. मग नाक वर करून वास घेतला. 'भाकरी जळतेय.'

मी भाकरी उतरवून आले तेव्हा ते खाट ओढत होते. त्यांनी ती भिंतीपासून सोडवली, फिरवली, आणि खोलीकडे तोंड करून बसले. आत्या दळण घेऊन आली, दारातच थबकली, डबा खाली ठेवून म्हणाली, 'आता ह्यो वळलाय तर मला माझ्या म्हशी बगू द्या,' आणि दोन दिवसांनी ट्रंक घेऊन एकटीच मावळात गेली.

बाबा त्यानंतर पुष्कळ जगले. मी चाकणला नोकरीला लागले, लग्न झालं, संत तुकाराम नगरला घर घेतलं, बाबा माझ्याकडेच होते. आवाज राहिला तो राहिलाच. फोनवर अनोळखी लोक मला 'सर' म्हणतात. प्रेस चालू असताना शॉपच्या या टोकाहून त्या टोकाला माझं बोलणं पोचतं, कामाला फार उपयोगी पडतं. त्याची किंमत एवढीच की आईचा खरा आवाज मला आता आठवत नाही. आठवायला गेलं की माझाच येतो. कधी रिकाम्या घरात मी काही बोलते आणि मागं वळून बघते. मागं कुणी नसतं. आत्या म्हणाली होती, हाक आली की ती मागं बघते. आता बघणारी मीच आहे.

बाबांच्या शेवटच्या वर्षात मी त्यांना एकदा कासारवाडीला घेऊन गेले. शेजारून मेट्रोचे खांब गेलेत, पण जुन्या लाइनवर गाड्या त्याच. आम्ही स्टेशनच्या बाकावर बसलो. एक गाडी गेली. मी सवयीनं त्यांच्या कानाशी म्हटलं, 'लोणावळ्याची.'

'माहीत आहे,' बाबा म्हणाले. 'लोणावळ्याची जवळच्या रुळावरून जायची. खाटेचा पाय हलायचा. पुण्याची लांबच्या, तिनं नुसती फरशी हलायची. मला कायम कळायचं.'

'मग आईला का विचारायचात?'

त्यांनी माझ्याकडे, हे काय विचारणं झालं, अशा नजरेनं पाहिलं. मग म्हणाले, 'ती कधी चुकली नाही. एकदाही नाही. तू विजापूरहून आलीस त्या दिवशी खाटेचा पाय हलला, आणि तू म्हणालीस पुण्याची.'

मला तो कप आठवला, ती ताठ झालेली पाठ, आणि ते 'बरं'. 'म्हणजे पहिल्या दिवशीच,' मी म्हटलं. 'मग बोलला का नाहीत?'

'बोललो असतो,' बाबा म्हणाले, 'तर तू हाक मारायची थांबली असतीस.'